सफाई कामगारांच्या हक्कांसाठी पूर्णवेळ काम : कोल्हापुरात राहून जमेल का?

निशिगंध

नमस्कार मंडळी. इथल्या सायबर कॉलेजमधून एमएसडब्ल्यू झालंय. सध्या एका आरोग्य प्रकल्पावर आहे, तो मार्चमध्ये संपतो. पुढे काय करायचं ते माझ्या मनात पक्कं आहे, घरच्यांच्या नाही.

हॉस्पिटलं, कॉलेजं, बँका, मॉल, सरकारी ऑफिसं इथं ठेकेदारामार्फत झाडलोट, फरशी, संडास-बाथरूमची कामं करणाऱ्या लोकांसाठी पूर्णवेळ काम करायचं आहे. किमान वेतन, फंड (पीएफ), ईएसआय (कामगार विमा), बोनस, हक्काची रजा, आणि कुणाला तडकाफडकी काढलं तर त्याच्या बाजूनं उभं राहणं. प्रकल्पासाठी फिरताना बघितलं की टेंडर बदललं की ठेकेदार बदलतो, युनिफॉर्मचा रंग बदलतो, बायका त्याच राहतात. त्या इमारतीतला कुठला नळ गळतो आणि कुठली मोरी तुंबते हे जिला वर्षानुवर्षं पाठ आहे, ती कागदावर दरवेळी नवीन भरती. जुनी सेवा शून्य.

शहाजी लॉ कॉलेजला प्रवेश घ्यावा, की आधी एखाद्या युनियनमध्ये काम शिकावं? यात पोट भरतं का? पुण्या-मुंबईला जावंच लागतं का? आई म्हणते, एमपीएससी दे, सरकारी कामगार अधिकारी हो, पगार घेऊन त्याच लोकांचं काम कर. जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

उद्यमनगरी

लई भारी विषय काढलास. आमच्या शॉपमध्ये झाडायला येणाऱ्या मावशींना फंड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. वाचतोय.

तिकटीवरचा

आईचं पण ऐक आणि मनाचं पण ऐक. कोल्हापुरात तांबडा-पांढरा एकाच ताटात वाढतात, तुला दोन्ही जमेल.

काळाकोट_बावडा

निशिगंध, मी कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात वकिली करते. माझ्याकडची निम्मी कामं ठेक्यावरच्या सफाई कामगारांची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायदा तीन वर्षांत शिकशील. खरं काम पुराव्याचं आहे. या लोकांकडे नेमणूकपत्र नसतं, पगाराची स्लिप नसते, ओळखपत्र काम सुटलं की काढून घेतलेलं असतं. हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे. 'ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती' असं समोरचा शपथेवर सांगतो आणि आपल्या हातात काहीच नसतं.

एक प्रकरण सांगते, ठिकाण आणि नावं सोडून. ठेकेदार बँकेत पूर्ण किमान वेतन जमा करायचा. पासबुक बघितलं तर सगळं अगदी नियमात. प्रत्यक्षात बायकांची एटीएम कार्डं आणि पिन सुपरवायझरच्या पाकिटात. पगार झाला की तो पैसे काढायचा, ठरलेली रक्कम ठेवून घ्यायचा आणि उरलेली हातावर टेकवायचा. तक्रार केली तर उत्तर तयार : 'पैसे खात्यात गेलेत, पुढं घरात काय होतं ते आम्हाला काय माहीत?' आम्ही प्रत्येकीच्या खात्याचं सविस्तर स्टेटमेंट काढलं. त्यात मशीनचा क्रमांक असतो. महिन्यामागून महिने, सगळ्या जणींची कार्डं एकाच मशीनमध्ये, एकाच दिवशी, लागोपाठ काही मिनिटांत वापरलेली. आणि ठेकेदारानं स्वतः कोर्टात दिलेल्या हजेरीपत्रकात त्या वेळी त्या सगळ्या ड्युटीवर! त्याच्याच कागदानं तो अडकला आणि प्रकरण तडजोडीला आलं. फरकाची रक्कम मिळाली.

हे स्टेटमेंट काढायला कुठलीही डिग्री लागत नाही. बायका तुझ्यापाशी पासबुक उघडून बसतील एवढा विश्वास लागतो. म्हणून माझं मत : लॉ कर, पण पहिल्या दिवसापासून वस्तीत जात राहा.

शिरोली_पुलाची

मी हाउसकीपिंगचे ठेके घेतो. दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका.

टेंडरमध्ये सगळ्यात कमी दराला काम. मजुरीचा दर सरकारनं ठरवलेला, मग स्पर्धा कशात? सेवाशुल्कात. शून्याच्या आसपास सेवाशुल्क भरून लोक काम घेतात. त्यातून ऑफिसचं भाडं, युनिफॉर्म, मशीन, बँकेचं व्याज काहीच निघत नाही. मग पैसा येतो कुठून, ते वकीलताईंनी वर सांगितलंच आहे. मी कार्डं ठेवून घेत नाही, पण जो ठेवतो तो माझ्यापेक्षा कमी दर भरतो आणि टेंडर नेतो. त्यात बिलं चार-चार महिने अडकतात. पगार मात्र वेळेवर हवा. मी दोनदा घरचं सोनं ठेवून पगार केलेत.

ही ताई उद्या आमच्या दारात घोषणा देईल. ज्यानं ते टेंडर काढलं त्याच्या दारात कोण जाणार?

काळाकोट_बावडा

@शिरोली_पुलाची, यात रागावण्यासारखं काही नाही. तुमचा शेवटचा प्रश्न तर या सगळ्याचा गाभा आहे.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलं होतं की ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य मालकानं, म्हणजे ज्यानं ठेका दिला त्यानं, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा. पगारवाटपाच्या वेळी मुख्य मालकाचा माणूस हजर हवा, हेही त्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही बुडालेला पगार देण्याची मुख्य मालकाची जबाबदारी आहे. म्हणून नोटीस काढताना मी दोघांनाही पाठवते. मुख्य मालकाच्या टेबलावर नोटीस पडली की अडकलेलं बिलही पुष्कळदा हलतं. तुम्हालाही त्याचा फायदाच होईल.

आणि निशिगंध, टेंडर वाचायला शीक. सरकारी जागा असेल तर माहिती अधिकारात वर्क ऑर्डर, मंजूर माणसं, बिलं आणि बिलाला जोडलेली फंडाची चलनं मागव. वर्क ऑर्डरमध्ये चाळीस माणसं आणि जागेवर अठ्ठावीस, असं निघालं तर उरलेल्या बारांचं काम कोण करतंय ते आपोआप समजतं. कंबरदुखीच्या गोळ्या त्याच अठ्ठावीस जणी खात असतात.

मावशींची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय इथं. माझी आई एका खाजगी हॉस्पिटलात सफाईला आहे. आम्ही कदमवाडीत राहतो.

आईनं आणि आणखी चौघींनी ग्लोव्हजसाठी अर्ज दिला होता. कचऱ्याच्या पिशवीत सुया येतात, दोघींच्या हाताला लागल्या होत्या. पातळ ग्लोव्हज देतात ते एका वॉर्डात फाटतात, दुसरा जोड मागितला की 'कालच दिला की'. अर्ज दिल्यावर पंधरवड्यात आईची बदली कागलकडच्या साईटवर. सकाळी सहाची ड्युटी. त्या वेळेला पोचायला केएमटीची बस नाही, वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. उशीर झाला की अर्धा खाडा. कुणी काढून टाकलं नाही, फक्त जगणं अवघड केलं. तिथून आईनं स्वतःच काम सोडावं एवढाच हेतू.

त्या वेळी एक संस्थावाले आले होते. मीटिंग घेतली, फोटो काढले, परत आले नाहीत. नंतर सुपरवायझरनं फोटोतल्या बायका बरोबर हेरल्या. ताई, तुम्ही येणार असाल तर टिकून राहायचं ठरवून या. आणि फोटो काढू नका.

निशिगंध

@मावशींची_लेक, फोटोचं लक्षात ठेवीन. आई आता कुठे आहेत?

मावशींची_लेक

तिथंच. सोडलं नाही तिनं. पहाटे चारला उठते.

काळाकोट_बावडा

@मावशींची_लेक, अशा बदलीलाच राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलंय. एमआरटीयू-पुल्प म्हणतात तो. व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसानं बदली करणं हे परिशिष्ट ४ मध्ये स्वतंत्र लिहिलेलं आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवस. उलटून गेली असेल तर उशिराचं कारण द्यावं लागतं, पण रस्ता बंद होत नाही.

मात्र एक अडचण आधीच सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या सिप्ला निकालानंतर ठेक्यावरच्या कामगाराला या कायद्याखाली थेट मुख्य मालकाला खेचता येत नाही. 'हाच माझा खरा मालक' हे आधी औद्योगिक विवादात सिद्ध करावं लागतं. ठेकेदाराविरुद्ध तक्रार करता येते. तुझ्या आईची बदली ठेकेदारानंच केली आहे, त्यामुळे इथं ती अडचण कमी.

जुना_कार्यकर्ता

पोरींनो, मी बिंदू चौकातल्या सभांमध्ये सतरंज्या अंथरण्यापासून सुरुवात केलेला माणूस.

निशिगंध, कोल्हापुरात राहून होतं का, असं विचारतेस. गोविंद पानसरे याच गावात राहून आयुष्यभर कामगारांची वकिली करत राहिले. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तोवर त्यांच्या दारात कष्टकरी माणूस वेळ न ठरवता जात होता. आणि हे शाहू महाराजांचं गाव. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे, म्हणून पुढं चार लोक प्यायला लागले. इथं हे काम नाही करायचं तर कुठं?

आता व्यवहाराचं. एकट्या बाईची केस लढवू नकोस, एकटी पडली की तिला फोडतात. सात जण मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो, फक्त एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर यातला जो आकडा कमी, तेवढे सभासद हवेत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं पालिकेच्या ठेक्यावरच्या २,७०० कामगारांची लढाई कित्येक वर्षं चालवली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. निकाल येईपर्यंत किती जण काम करता करता वारले असतील, त्याचाही विचार कर. एवढी वर्षं माणसं एकत्र ठेवणं हेच युनियनचं काम. दर महिन्याची वर्गणी दहा रुपये का असेना, पण ती गोळा करायला प्रत्येकीच्या दारात जायचं. वर्गणीच्या निमित्तानंच सगळी खबर कळते.

तिकटीवरचा

काका, लाड-पागे समितीचा वारसाहक्क या लोकांना नाही का मिळत? माझ्या मित्राला वडिलांच्या जागी नगरपालिकेत घेतलं.

जुना_कार्यकर्ता

तो कायम सेवेतल्या सफाई कामगारांच्या वारसांना. बाप ठेक्यावर असेल तर मुलाला द्यायला जागाच नसते. कायम जागा भरायच्या थांबल्या की वारसाहक्क आपोआप आटतो.

खात्यातला

कामगार खात्यात नोकरी केलेली आहे, निवृत्त झालो. निशिगंधच्या आईंचा मुद्दा रास्त आहे. अधिकाऱ्याच्या खुर्चीतून रजिस्टर मागवता येतं, समेट घडवता येतो, दावा दाखल करता येतो. बाहेरच्या कार्यकर्त्याला ठेकेदार गेटवर अडवतो, अधिकाऱ्याला अडवताना विचार करतो. पण कुठल्या जागी तपासणीला जायचं हे आता बरंचसं वरून संगणकावर ठरतं, आणि अधिकाऱ्यामागं फायलींचा ढीग असतो. लेखी, नेमकी, सहीची तक्रार समोर आली तरच काम पुढं सरकतं. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढंच लिहिलेला अर्ज फाईलमध्ये जातो. 'जानेवारीपासून विशेष भत्ता वाढला, तो आम्हाला मिळालेला नाही, सोबत जानेवारी ते मार्चची पासबुकं' असा अर्ज आला की मला नोटीस काढता येत होती.

विशेष भत्त्याचं सगळ्यांनीच ध्यानात ठेवा. किमान वेतनात मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. पुष्कळ ठेकेदार टेंडर भरलं त्या दिवशीचाच भत्ता ठेका संपेपर्यंत देत राहतात. दरमहा माणशी थोडेच रुपये, पण शंभर माणसं आणि तीन वर्षं धरून गुणाकार करून बघा.

शिरोली_पुलाची

साहेब, वाढीव भत्त्याचा फरक मुख्य मालक आम्हाला देत नाही. 'टेंडरमध्ये दर फिक्स आहे' म्हणतात.

खात्यातला

मग टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीत ते कलम बदलून घ्यायची लेखी मागणी करा. सगळ्या ठेकेदारांनी मिळून केली तर ऐकावंच लागेल.

पंचगंगाकाठ

मला यात फार आशा दिसत नाही, स्पष्टच लिहितो. नव्या संहितेत मुख्य स्वरूपाच्या कामाला ठेकेदारी बंद म्हणतात, पण त्या मुख्य कामाच्या व्याख्येतून झाडलोट आणि साफसफाई चक्क वगळली आहे. म्हणजे हॉस्पिटल स्वच्छ ठेवणं हे हॉस्पिटलचं मुख्य काम नाही! शिवाय ठेकेदारीच्या तरतुदी ५० किंवा जास्त कामगार असतील तरच. लोक पंचेचाळीस-पंचेचाळीस माणसांच्या दोन फर्म काढतात, एक स्वतःच्या नावावर, एक मेहुण्याच्या. एका हुशार मुलीनं यात आयुष्य का घालवावं? महिन्याला मिळणार किती?

काळाकोट_बावडा

व्याख्येबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचा मला संताप येतो. कोविडमध्ये कुणाचं काम मुख्य होतं ते सगळ्यांनी बघितलंय.

पण पन्नासचा आकडा वेतनाला लागू नाही. किमान वेतन एका कामगारालाही द्यावं लागतं. आणि एक गोष्ट सुधारली आहे. पूर्वी किमान वेतनाच्या फरकाचा दावा सहा महिन्यांत करावा लागायचा, वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षं झाली. कामावर असताना बायका तक्रार करायला घाबरतात, ठेका संपल्यावर बोलतात. तोवर सहा महिने कधीच उलटलेले असायचे. आता तसं होणार नाही.

दुसरं, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. आधी औद्योगिक न्यायालयात जिंकलेली बाई समोरचा मुंबईला अपिलात गेला की हरल्यासारखीच व्हायची. तारखेला जायचं म्हणजे दोन दिवसांचा पगार, गाडीभाडं, आणि मुंबईत राहणार कुठं? आता ती ड्युटी संपवून केएमटीनं कोर्टात येऊन बसू शकते. समोरच्या वकिलाला आमची अशील कोर्टात बसलेली दिसते, त्यानं फरक पडतो.

उद्यमनगरी

बेंचसाठी आमच्या आबांनी किती मोर्चे बघितले आयुष्यात. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. नाद खुळा.

इंद्रायणी_ते_पंचगंगा

महिन्याला मिळणार किती, या प्रश्नावर कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माहेर कोल्हापूर, हे काम पुण्यात शिकले, आता परत इथं आहे.

युनियनच्या वर्गणीवर एका माणसाचं घर चालायला काही हजार सभासद लागतात. सुरुवातीला तेवढे नसतात. माझं घर तीन-चार ठिकाणच्या पैशांवर चालतं. आठवड्यातून काही तास कॉलेजवर शिकवते, एका संस्थेचं अर्धवेळ काम आहे, आणि अनुवाद करते. लॉ झालं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जाता येतं. तिथं फी कमी, पण अनुभव भरपूर. मोफत वकिलासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांनाही नाही. म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक बाईला हा हक्क आहे. तो तिला सांगणारं कुणी नसतं.

लॉ न करताही काम अडत नाही. औद्योगिक विवादात युनियनचा पदाधिकारी स्वतः कामगाराची बाजू मांडू शकतो, उलट वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून कचरावेचकांची संघटना बांधली आणि पुढं 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. हा वेगळा मार्ग आहे, कोल्हापुरात कुणी सफाईचा ठेका बायकांच्याच सहकारी संस्थेला मिळवून देण्याचा विचार करावा असं मला फार वाटतं. सहकार आपल्याला नवा नाही. दूध आणि ऊस सहकारात आला, झाडू का येऊ नये?

पंचगंगाकाठ

हा सहकाराचा मुद्दा मला पटला. अनामत आणि उलाढालीच्या अटीवर टेंडरमधून बाहेर फेकले जातील, त्याचं काय करायचं?

इंद्रायणी_ते_पंचगंगा

छोट्या जागेपासून सुरुवात. एखादी मोठी सोसायटी, एखादं कॉलेज. तीन वर्षांची उलाढाल दाखवता आली की पुढच्या टेंडरला बसता येतं. हिशेब लिहायला माणूस हवा, @शिरोली_पुलाची यांच्यासारखा माहीतगार असेल तर उत्तम. हे मी मनापासून लिहितेय.

शिरोली_पुलाची

हिशेब शिकवायला येईन. फी नको.

निशिगंध

सगळ्यांचे आभार. ठरलं असं : जूनमध्ये शहाजीला प्रवेश, संस्थेचं अर्धवेळ काम बघते, आणि एमपीएससीचा अर्ज आईच्या समाधानासाठी नाही तर @खात्यातला यांचं वाचून खरोखर भरणार आहे. जुन्या कार्यकर्त्या काकांना भेटायचं आहे, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

तिकटीवरचा

तीन वर्षांनी वकील झालीस की पहिली मिसळ माझ्याकडून. कट जादा.

मावशींची_लेक

वकीलताई, अजून एक विचारते. आईच्या आधीच्या ठेकेदाराकडची दोन वर्षं फंडाच्या पासबुकात दिसतच नाहीत. पगारातून कापत होते. आता त्याचं ऑफिस बंद आहे, फोन लागत नाही. ते पैसे गेले का?

काळाकोट_बावडा

गेले असं समजू नकोस. ठेकेदाराच्या माणसांचा फंड भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावरही असते, त्यामुळे फंड कार्यालयातल्या तक्रारीत हॉस्पिटलचं नाव घालायचंच. येताना त्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट, जुना गेटपास किंवा युनिफॉर्ममधलं काहीही, ईएसआयचं कार्ड निघालं असेल तर ते, आणि तेव्हा आईबरोबर ड्युटीला असलेल्या बायकांची नावं लिहून आण. त्यांचेही पैसे तसेच बुडालेले असणार, एकत्र अर्ज करू. बदलीचे कागदही आण, तक्रारीचा मसुदा त्याच वेळी करू. आईची ड्युटी किती वाजता सुटते?

मावशींची_लेक

दोनला सुटते. घरी यायला साडेतीन होतात. दोन मावशींचे नंबर आहेत आईकडे, बाकीच्यांची घरं माहीत आहेत.

काळाकोट_बावडा

शनिवारी पाचला या. @निशिगंध, तूही ये, बायकांची नावं आणि तारखा लिहून घ्यायला माणूस हवाच आहे. पत्ता दोघींना व्यनि करते.

निशिगंध

येते. वही घेऊन. बाकीच्या मावशींच्या घरी जायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, @मावशींची_लेक, गाडी आहे माझ्याकडे.